दोन नावांचं पाकीट

पारनेर
१४ ऑक्टोबर २०२४

ती. अण्णा,
सा. नमस्कार.

डिव्हिडंडचे नऊ हजार शनिवारी माझ्या खात्यात जमा झाले. सहामाहीचे पेपर तपासत होते, म्हणून पोहोच द्यायला दोन दिवस उशीर झाला. गोदातीर पंप्सने यंदाही शेअरमागे सहा रुपयेच दिले, वाढ नाही, घट नाही. हर्षल असता तर म्हणाला असता, सरळमार्गी कंपनी आहे, पंप विकते आणि उरलेलं वाटते. तुमच्या खात्यावर आलेले पैसे तुम्ही एक दिवससुद्धा ठेवून घेत नाही, लगेच इकडे पाठवता. तुम्हाला लागत असतील तर ठेवत जा, असं मी दरवर्षी लिहिते. यंदाही लिहिते.

रिवाजाप्रमाणे चपला घेतल्या. निकिताच्या मैत्रिणी तिला हसतात. सगळ्यांच्या घरी दिवाळीला नवं काही येतं, आमच्याकडे डिव्हिडंडला चपला येतात. मी तिला सांगितलं की ही तिच्या वडिलांची पद्धत, पहिल्या डिव्हिडंडात सहा महिन्यांच्या निकितालासुद्धा त्यांनी बूट घेतले होते, चालता येत नव्हतं तरी. तुमच्या आठ नंबरच्या पार्सलने पाठवल्या आहेत. जुन्या टाकून द्या. छबूबाई कामाला आल्या की त्याच टाकतील, त्यांना मी बजावून ठेवलं आहे.

कानाच्या मशीनचं काय झालं? उन्हाळ्यात नगरला जाऊन बघणार होतात. फोनवर मी बोलत राहते आणि तुम्ही 'बरं, बरं' म्हणता, तेव्हाच मला कळतं की काहीच ऐकू आलेलं नाही. परवा निकिताने विचारलं, जेवलात का, तर तुम्ही म्हणालात, मंगळवारी. ती हसली, मग फोन माझ्या हातात दिला. मशीन घ्या, अण्णा.

निकिता बारावीला आहे. अभ्यास कमी आणि चित्रं जास्त.

तुमची,
स्नेहल

---

राहाता
२९ ऑक्टोबर २०२४

चि. स्नेहल हीस अनेक आशीर्वाद.

पत्र पाचव्या दिवशी पोहोचलं. मी टपाल वाटत होतो तेव्हा पारनेरचं पत्र राहात्याला दोन दिवसांत यायचं. सगळं वेगवान झाल्यापासून उशीर लागतो.

चपला बरोबर बसल्या. जुन्या चपला छबूबाईने उकिरड्यावर टाकल्या, त्या मी संध्याकाळी परत आणल्या. पेरूच्या झाडांना पाणी द्यायला चालतात. ती म्हणाली, "म्हातारं येकदा म्हनल ते करंल, आयकायचं न्हाई." मी म्हणालो, ऐकायला येतच नाही तर ऐकू कसं.

मशीनवाला नगरहून इकडे यायचा आहे. आला की बघतो.

चंद्री गाय घोडेगावच्या बाजारात दिली. चारा परवडेना आणि माझ्याच्याने आता धार निघत नाही. देताना ती मान वळवून बघत होती असं टेम्पोवाला म्हणाला. मी बघितलं नाही.

कंपनीचं वर्षाचं पुस्तक आलं. आता टपालाला आरती नावाची मुलगी आहे, स्कूटीवर येते, चांगली आहे, पण पत्र फेकते. मी तिला सांगितलं, पत्र हातात द्यायचं असतं. पाकिटावर नेहमीप्रमाणे दोन नावं आहेत. वर श्री. सोपान रंगनाथ गाडेकर, खाली श्री. हर्षल सोपान गाडेकर. छापलेली, ठळक. मी पाकीट लगेच फोडत नाही. दोन दिवस देवळीत ठेवतो, येता-जाता दिसतं. आत सगळं इंग्रजी. कंपनीचं बरं चाललं आहे.

तुझं पत्र सव्वा पानाचं होतं. मागच्या वर्षी दोन पानं होतं. पैशांची पोहोच एका ओळीत होते, बाकीचं जास्त लिहीत जा. निकिता कसली चित्रं काढते ते लिहिलं नाहीस.

अण्णा

---

पारनेर
१६ जून २०२५

ती. अण्णा,
सा. नमस्कार.

तुम्ही विचारलं होतं निकिता कसली चित्रं काढते, आणि मी आठ महिन्यांनी उत्तर देते आहे. ती घरं काढते. बाहेरून दिसणारी नाहीत, आतली. भिंत कुठे, दार कुठे उघडतं, ऊन कुठून येतं. पुण्याच्या एका कॉलेजात घरांची अंतर्गत रचना शिकवतात, तिथल्या परीक्षेला 'माहितीतली एक खोली' काढायला सांगितली होती. तिने राहात्याची आपली पुढची खोली काढली. देवळी, तुमची खाट, टपालाची खाकी पिशवी अडकवायची खुंटी. ती चौदा वर्षांची असताना आम्ही तिथून निघालो, तरी खुंटी खाटेपासून किती लांब ते तिला बरोबर माहीत होतं. त्या चित्रावर तिला जागा मिळाली आहे.

एकतीस जुलैपर्यंत एक लाख साठ हजार भरायचे आहेत. हर्षलच्या आजारपणातलं पतसंस्थेचं कर्ज अजून फिटायचं आहे, त्यामुळे दुसरं मिळत नाही. म्हणून लिहिते. आता शेअर विकू या.

तुम्हाला आठवत असेल, एकवीस साली हर्षलला जाऊन सहा महिने झाले होते आणि मी या शाळेत नोकरी धरून निघाले होते, तेव्हा मी हेच विचारलं होतं. पंधराशे शेअर होते, भाव दोनशे बाराच्या घरात होता, इथे दोन खोल्या विकत मिळत होत्या. तुम्ही लिहिलंत, डिव्हिडंड देणारी कंपनी मेलेली नसते, थांबू. मी थांबले. मला ते पटलंही. तेव्हापासून मी कधी भाव पाहिला नाही, पैसे वेळेवर येत होते म्हणजे सगळं ठीकच असणार. आता तर तीन लाखांचे चार-पाच झाले असतील. त्यातले निकिताचे भरू, उरतील त्यातून तुमचं मशीन घेऊ.

कागद तुमच्या ट्रंकेत आहेत. विकायला काय काय करावं लागतं ते तिकडे विचाराल का? मी रविवारी येऊ शकते.

स्नेहल

---

राहाता
२४ जून २०२५

चि. स्नेहल हीस आशीर्वाद.

निकिताचं कळलं. छबूबाईला पत्र वाचून दाखवलं, तिने चौकात सगळ्यांना सांगितलं. खुंटी खाटेपासून दोन हात आहे. मी मोजली.

शेअरची घाई करू नये. सध्या बाजार पडलेला आहे, असं लोक म्हणतात. दिवाळीपर्यंत थांबावं. कॉलेजवाल्यांना विचार, थोडे आत्ता आणि थोडे नंतर चालतील का. माझ्याकडे पन्नास हजार आहेत, ते पाठवतो. बाकीचंही बघू.

रविवारी येऊ नकोस, इकडे रस्त्याचं काम चालू आहे.

अण्णा

---

पारनेर
६ जुलै २०२५

ती. अण्णा,

बाजार पडला आहे म्हणजे किती, ते बघावं म्हणून मी शुक्रवारी आमच्या गणिताच्या चेतन सरांना विचारलं. त्यांनी मोबाईलवर कंपनीचं नाव टाकलं. मी म्हटलं, साडेतीनशेच्या खाली गेला असेल तर आत्ता नको. त्यांनी मोबाईल माझ्याकडे वळवला.

सतरा रुपये.

मी म्हटलं, ही दुसरी कुठली तरी असेल, आमची डिव्हिडंड देणारी आहे. सर म्हणाले, "मॅडम, हिने बावीस सालापासून एक पैसा दिलेला नाही." आणि मी हसले, अण्णा. मी म्हटलं, सर, मला ऑक्टोबरातच नऊ हजार आलेत, चपला घेतल्यात. चार जणांसमोर मी त्यांना खोटं पाडलं. ते बिचारे 'मग माझंच काहीतरी चुकत असेल' म्हणाले आणि तासाला गेले. मी त्यांच्या मागोमाग माझ्या वर्गात गेले, फळ्यावर तारीख लिहिली, आणि मग मला कळलं.

कानाचं मशीन आलं नाही, कारण मशीनवाला यायचाच नव्हता. चंद्री चाऱ्यासाठी दिली नाहीत. तुमच्या पेन्शनमधून तीन वर्षं पैसे येत होते आणि त्यातूनच मी तुम्हाला चपला पाठवत होते, जास्त लागत असतील तर ठेवून घेत जा असं उदारपणे लिहीत होते.

तुम्ही हे मायेने केलंत हे मला समजतं. ते समजतं म्हणूनच जास्त त्रास होतो आहे. बावीस साली पैसे आले नसते तर मी लगेच विचारलं असतं. तेव्हा भाव एकशे चाळीस होता, सरांनी नंतर काढून दिला. त्याच्या पुढच्या वर्षी नव्वद. दरवर्षी ऑक्टोबरात मी विचारलं असतं, आणि दरवर्षी तुमच्या नऊ हजारांनी मला गप्प बसवलं. तीन वर्षांत तुम्ही सत्तावीस हजार पाठवलेत. आज सगळे शेअर विकले तर साडेपंचवीस येतात.

मला दया नको होती. मला खरं हवं होतं. मी या घरातली आहे की नाही, हे तुम्ही मला कधीच कळू दिलं नाहीत. निघाले त्या दिवशी तुम्ही स्टँडवरसुद्धा आला नाहीत. निकिता एसटीच्या खिडकीतून बघत होती. मी तिला सांगितलं, आजोबांना बरं नाही.

तुमचा पन्नास हजारांचा चेक याबरोबर परत पाठवते आहे. ते पैसे कशातून आले, हे आता मला विचारायचं नाही.

स्नेहल

---

राहाता
९ ऑगस्ट २०२५

चि. स्नेहल,

एकतीस तारीख होऊन गेली. निकिताची जागा गेली असणार. मी तारीख जाईपर्यंत लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही हातात नव्हतं. चेक परत आला. पाकिटावर 'घेण्यास नकार' असं लिहिलेलं नव्हतं, तरी मला वाचता आलं.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. एकच त्यात कमी आहे, ते मी सांगतो. मला भाव माहीत होता. मी रोज वाचनालयात जाऊन पेपरात बघत होतो. एकशे चाळीस झाला तो दिवस आठवतो, नव्वद झाला तोही आठवतो. मी अडाणी म्हणून थांबलो असं समजू नकोस.

आता कारण. सदतीस वर्षं मी राहात्यात टपाल वाटलं. ज्याच्या नावाचं रजिस्टर पत्र आलं आहे तो माणूस गेलेला असेल, तर त्यावर लाल शाईने 'मयत' लिहायचं, खाली सही करायची, तारीख टाकायची आणि आलं तिकडे परत पाठवायचं. असा नियम आहे. किती लिहिले असतील मोजले नाहीत. पहिल्यांदा जड गेलं, मग शिक्का मारल्यासारखं झालं. वाकडीच्या रस्त्याला एक म्हातारी होती, तिचा मुलगा पुण्यात कंपनीत होता, तो वारला आणि मग महिन्याने त्याच्या नावाचं काहीतरी आलं. मी दारातच लाल पेन काढलं. ती म्हणाली, "देऊ नगं बाबा. नुस्तं नाव तेवढं वाचून दाव." मी म्हणालो, मावशी, अजून चाळीस पत्रं वाटायची आहेत. वाचलं नाही. नाव वाचायला किती वेळ लागतो?

एकवीस साली तू विकू म्हणालीस, तेव्हा मी खरंच नगरला शेअरच्या ऑफिसात गेलो होतो. ते म्हणाले, कागदाचे शेअर असे विकता येत नाहीत. शेअर दोघांच्या नावावर आहेत, आधी एक नाव कमी करावं लागेल. फॉर्म दिला. त्यात रकाना होता, मयत धारकाचे नाव. मी पेन काढलं. निळंच होतं. पण हात चालला नाही. फॉर्म घडी घालून घरी आणला, देवळीत ठेवला, आणि तुला लिहिलं की कंपनी डिव्हिडंड देते आहे, थांबू.

दरवर्षी ते पाकीट येतं, त्यावर त्याचं नाव असतं. कुणी तरी मुंबईत बसलेला माणूस, त्याला काही माहीत नाही, तो लिहितो श्री. हर्षल. तुझी सासू आक्काबाई गेली तेव्हा तिच्या नावाचं काहीच येत नव्हतं, बायकांच्या नावाने टपाल येत नसे. ती गेली ती गेलीच. हर्षलचं येतं.

बावीस साली पुस्तक आलं, पैसे आले नाहीत. मी महिनाभर वाट बघितली. पैसे नाहीत तर पोहोच नाही, आणि पोहोच नाही तर तुझं पत्र नाही. वर्षात एकदाच तू लिहायचीस, पैशांची पोहोच म्हणून. मी बँकेत गेलो आणि पेन्शनमधून भरले. एका वर्षाची गोष्ट आहे, पुढच्या वर्षी कंपनी देईल, असं वाटलं. पुढच्या वर्षीही तसंच वाटलं.

निकिताच्या जागेचं मला काही सांगता येत नाही. ते मी केलं.

आणि स्टँडवर मी आलो होतो. रसवंतीच्या मागे उभा होतो. निकिताच्या मांडीवर निळी पिशवी होती आणि तू खिडकीची काच ओढत होतीस, ती अडकली होती. बाजूच्या माणसाने लावून दिली. जाणाऱ्याकडे मला बघता येत नाही, पण त्या दिवशी बघितलं.

अण्णा

---

पारनेर
२ सप्टेंबर २०२५

ती. अण्णा,
सा. नमस्कार.

खिडकीची काच अडकली होती, हे मी विसरले होते. तुमचं पत्र वाचल्यावर आठवलं. तीन आठवडे झाले, पत्र माझ्या पर्समध्ये आहे.

निकिताची जागा गेली. ती इथल्याच कॉलेजात बी.एस्सी.ला जाते. रडली नाही. रंगपेट्या कपाटावर ठेवल्या आणि त्यावर पेपर घातला. तुमचं पत्र तिने मागून घेऊन वाचलं आणि घडी घालून परत दिलं. ती तुमच्यावर चिडली आहे का, मला माहीत नाही. मी अजून आहे, हे सांगते. खोटं लिहायचं नाही असं तुम्हाला लिहून मी ते लपवू शकत नाही. कधी भाजी चिरताना एकदम येतो राग, मग त्या म्हातारीची गोष्ट आठवते, मग कशाचाच राग धरता येत नाही, आणि भाजी तशीच राहते.

एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नव्हती. हर्षल गेल्यावर रेशनकार्ड, गॅस, बँक, निकिताच्या शाळेचा अर्ज, मतदारयादी, अशा अकरा ठिकाणी त्याचं नाव मी कमी केलं. मी एकटीने. दाखल्याच्या झेरॉक्स एका वेळी वीस काढून ठेवल्या होत्या. प्रत्येक खिडकीवर विचारायचे, कोण लागत होते, आणि मी सांगायचे. तुम्ही एकदाही बरोबर आला नाहीत. मला वाटायचं, यांना त्रास घ्यायचा नाही. तुमचं दुःख शांत आहे आणि माझंच तेवढं रांगेत उभं असतं, असं वाटायचं. तुम्हाला जमत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं असतं तर मी तुमच्यावर इतकी वर्षं मनातल्या मनात चिडले नसते.

बारावं ठिकाण राहिलं आहे. ते राहू दे.

शेअर विकू नका, अण्णा. जेव्हा विकायचे होते तेव्हा ते तीन लाख होते. आता पंचवीस हजारांनी निकिताची जागा परत येणार नाही. ते आणखी पडून दोन रुपये झाले तरी चालेल. वर्षाला एक पाकीट येतं ना, तेवढं येऊ दे. कुठेतरी एका यादीत तो असू दे. फॉर्म देवळीतून काढा आणि चुलीत घाला.

स्नेहल

---

राहाता
२ सप्टेंबर २०२५

चि. स्नेहल हीस आशीर्वाद.

तुझ्या उत्तराची वाट बघून मग हे करावं, असं मनात होतं. पण वाट बघण्यातच सगळं गेलं. म्हणून काल नगरला जाऊन आलो. सकाळच्या एसटीने गेलो, छबूबाईला बरोबर घेतलं, मला ऐकू येत नाही म्हणून. तिने डबा घेतला होता.

ऑफिसात ज्ञानेश्वरी नावाची मुलगी होती. नवा फॉर्म द्यायला लागली. मी म्हणालो, माझा आहे, आणि चार वर्षांपूर्वीचा काढून दिला. ती म्हणाली, तो आता चालत नाही, नमुना बदलला आहे. तिने कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं. मग नवीन घेतला. नव्यातही तो रकाना आहे.

लिहिण्याआधी मी नाव वाचलं. हर्षल सोपान गाडेकर. मोठ्याने वाचलं. मला स्वतःचं ऐकू येत नाही म्हणून किती मोठ्याने ते कळलं नाही. ऑफिसातले सगळे माझ्याकडे बघत होते. छबूबाईने माझ्या हातावर हात ठेवला. मग मी लिहिलं. मयत. खाली सही केली आणि तारीख टाकली. कुणाला शिकवावं लागलं नाही.

नाव लगेच कमी होईल. मग शेअर माझ्या एकट्याच्या नावावर कॉम्प्युटरवरच्या डीमॅट खात्यात जातील आणि मग विकतील. दिवाळीपर्यंत पैसे होतील. बावीस-तेवीस हजार येतील, असं ती म्हणाली. निकिताची जागा त्यात येत नाही, ते मला माहीत आहे. रंगाला तरी होतील. ते परत पाठवू नकोस.

यंदा कंपनीचं पुस्तक येईल त्यावर माझं एकट्याचं नाव असेल. त्यापुढे तेही येणार नाही. तू चिडून होतीस ती या एका गोष्टीवर तरी आता चिडू नकोस. तू मागितलेलं चार वर्षं उशिरा का होईना, केलं.

आता डिव्हिडंड नाही, त्यामुळे तुला पोहोच द्यायचं काही कारण राहत नाही. तरी खुशाली कळवावी.

अण्णा

---

पारनेर
२४ सप्टेंबर २०२५

ती. अण्णा,
सा. नमस्कार.

आपली दोन पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुम्ही माझं वाचलंत तेव्हा तुमच्या मनात काय झालं असेल, ते मी रोज स्वतःला विचारते. तुमचं पत्र आलं तेव्हा मी डबे भरत होते. वाचलं, घडी घातली, निकिताच्या डब्यात दोनदा मीठ पडलेली भाजी भरली, आणि शाळेत गेले. संध्याकाळी डबा रिकामा होता.

विकू नका असं मी लिहिलं होतं, ते तुम्ही काळजाला लावून घेऊ नका. तुम्ही केलंत ते माझ्यासाठी केलंत, आणि मी लिहिलं ते तुमच्यासाठी. उशीर दोघांनाही झाला. बाराव्या खिडकीवर तुम्ही उभे राहिलात आणि मी बरोबर नव्हते, हे आता माझ्याकडे राहील.

निकिताने पेपर काढून रंगपेट्या खाली घेतल्या आहेत. अजून उघडल्या नाहीत. पैसे आले की आधी तुमचं मशीन घ्या, उरतील त्यातले रंगाला पाठवा. मशीन घेतलंत म्हणून मी पत्रं बंद करणार नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी येऊ. रस्त्याचं काम चालू असलं तरी येऊ.

या पत्रात कशाचीच पोहोच नाही. नीट बघून घ्या, कुठे पैसे मिळाल्याचा उल्लेख राहिला नाही ना. पाचवीला सध्या पत्रलेखन शिकवते आहे. एका मुलीने विचारलं, बाई, काही काम नसेल तर पत्र लिहितात का? मी म्हटलं, लिहितात. मग मला घरी येऊन लिहावंच लागलं.

आठ नंबरच घेऊ ना चपला?

तुमची,
स्नेहल

---

राहाता
१ ऑक्टोबर २०२५

चि. स्नेहल हीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी पोहोचलं. अजून फोडलेलं नाही, देवळीत आहे. त्यामुळे आत काय लिहिलं आहेस ते मला माहीत नाही, त्याचं उत्तर नंतर लिहीन. हे फक्त पोहोचल्याचं कळवतो.

सोमवारी मी ओट्यावर बसलो होतो. आरती आली. हल्ली ती पत्र फेकत नाही, स्कूटी लावून दारापर्यंत येते. पाकीट हातात धरून उभी राहिली, देईना. मी उठून बघितलं. तुझं अक्षर होतं. वर श्री. सोपान रंगनाथ गाडेकर, खाली श्री. हर्षल सोपान गाडेकर. तिने दुसऱ्या नावावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. गावातलीच आहे, तिला सगळं माहीत आहे. नियमाने तिने काय करायला पाहिजे तेही मला माहीत आहे. छबूबाई आतून काहीतरी सांगत आली, ते मला ऐकू आलं नाही.

मी म्हणालो, "नाव वाच."

तिने वाचलं. आवाज आला नाही, ओठ दिसले. पूर्ण नाव वाचलं, घाई केली नाही.

मी हात पुढे केला आणि म्हणालो, "पत्ता बरोबर आहे. दे."

अण्णा